उजव्या बुटाच्या टोकावरचा ओरखडा

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

मी, खाली सही करणार सत्यवान लवू चव्हाण, वय सत्तावीस, धंदा चपला-बूट दुरुस्ती, राहणार मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हा कागद माझ्याच हाताने, निळ्या शाईने, माझ्याच स्टॉलमध्ये बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण तिचा डोक्याशी संबंध नसल्याचे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे आणि तो कागद याला टाचला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही. उलट हे लिहू नकोस असेच सगळे सांगत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी शाळा नववीत सांधेतापाने सुटली. पुढचे शुद्धलेखन शेजारच्या बर्नादेत आंटींनी घरी बसवून शिकवले. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. या कागदाचा कच्चा मसुदा त्यांनी तपासला आहे. ऱ्हस्व-दीर्घ सोडून त्यांनी कशालाही हात लावलेला नाही. मजकूर माझा आहे, तो चुकला असेल तर दोष माझा.

कलम १. कारण.

येत्या आठवड्यात गोव्याच्या इस्पितळात माझी झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. मी विचारले, बहुतेक म्हणजे कोण? ते हसले. मला हसू आले नाही. म्हणून हा कागद.

आई, सत्यवती लवू चव्हाण, हिला कागद पसंत नाही. तिने देवळात गाऱ्हाणे घातले आहे आणि नारळ ठेवला आहे. "देवाक सांगलंय मी. मगे ह्या अभद्र कित्याक लिवतंस?" असे ती विचारते. मी तिला सांगितले की पावसाळ्याच्या आधी आपण घर शाकारतो, म्हणजे पाऊस बोलावतो असे नाही. त्या दिवशी ती जेवली नाही.

समोरच्या चहावाल्या गणपतला माझ्या नावाची गंमत वाटते. "सत्यवाना, तुका सावित्री काय गावली नाय. आता तूच जा यमावांगडा भांडाक," असे तो म्हणाला. मी अविवाहित आहे हे यानिमित्ताने नोंदवून ठेवतो. माझ्या पश्चात बायकामुले असल्याचे कोणी सांगत आले तर ते खोटे समजावे.

कलम २. घर आणि पैसे.

घर बाबांच्या पश्चात आम्हा चौघांच्या नावावर आहे, म्हणजे आई, मोठा भाऊ दत्तप्रसाद, मी आणि बहीण दिव्या. त्यातला माझा हिस्सा आईला द्यावा. पोस्टातली शिल्लकही आईला द्यावी. तिथे तिचे नाव आधीच लावलेले आहे, तरी पुन्हा लिहिलेले बरे. आईने त्यातून माझे दिवस मोठे करू नयेत. तिच्या गुडघ्यांचे औषध बंद होऊ देऊ नये.

कलम ३. माझा देह.

माझ्या पायात काही घालू नये. आमच्यात तशी रीत नाहीच, पण दादा हौसेने काही करेल म्हणून स्पष्ट लिहितो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांकडे बघितले आहे. जाताना माझ्या पायांकडे कोणी बघावे असे वाटत नाही.

कलम ४. गिऱ्हाइकांची पादत्राणे.

स्टॉलच्या फळीवर जे जोड आहेत ते माझे नाहीत. प्रत्येकाच्या आत नावाची चिठ्ठी आहे. मी मेलो म्हणून कोणाचा जोड अडकून राहू नये. वेंगुर्ल्याच्या नवऱ्या मुलाचे काळे बूट लग्नाच्या आधी पोचले पाहिजेत. त्यांच्या टाचेचा रंग झाला आहे, फक्त ब्रश मारायचा राहिला आहे. तो दिव्या मारेल.

कलम ५. स्टॉल.

पत्र्याचा स्टॉल मला समाजकल्याणच्या योजनेतून मिळाला. तो माझ्या नावावर आहे. खालची जागा नगरपरिषदेची आहे, ती मी देऊ शकत नाही, पण परवान्यावर माझा जो काही हक्क असेल तो आणि स्टॉल, फळ्या, कुलूप, बाहेरचे गिऱ्हाइकाचे स्टूल, बाबांची तीन पायांची लोखंडी ऐरण, शिवायच्या दोन्ही आऱ्या, चामडे कापायची रापी, ब्रश, रंगाच्या आणि क्रीमच्या सगळ्या डब्या, हे सर्व मी माझी धाकटी बहीण कुमारी दिव्या लवू चव्हाण हिला देत आहे. दुसऱ्या कोणालाही नाही. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी हे विकू नये, भाड्याने देऊ नये, "सध्या बंद ठेवू" असे म्हणून बंदही ठेवू नये.

या कलमामुळे घरात भांडण होणार हे मला माहीत आहे. हा सगळा कागद या एका कलमासाठीच आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

कलम ६. दादाविषयी.

माझा भाऊ दत्तप्रसाद ओरोसला सरकारी कार्यालयात आहे आणि तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. तो वाईट माणूस नाही. माझ्यासाठी त्याने रजा टाकली आहे, रक्त तोच देणार आहे, ऑपरेशनच्या कागदांवर सहीही त्याचीच असेल. हे आधी लिहितो, कारण पुढचे वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको.

दादा सातवीत असताना एका मुलाने त्याच्या बाकावर तुटकी वहाण ठेवली आणि बापाकडून शिवून आण म्हणून सांगितले. सगळा वर्ग हसला. दादाने ती वहाण घरी आणली. बाबांनी ती शिवली. दुसऱ्या दिवशी दादाने ती नेऊन दिली आणि तेव्हापासून बाबांच्या हत्यारांना हात लावला नाही. तो अभ्यास करून पुढे गेला. मला त्याचा अभिमान आहे. पण तेव्हापासून तो बाजारात आला तरी आमच्या स्टॉलच्या बाजूने चालत नाही. मला भेटायचे असेल तर एसटी स्टँडवर बोलावतो.

मी गेलो तर स्टॉल मोडीत काढायचा आणि दिव्याचे लग्न जामसंड्याच्या एका स्थळाशी लावायचे असे त्याने ठरवले आहे. मुलगा नोकरीला आहे, घर चांगले आहे. त्यांची अट एकच आहे, मुलीने हा धंदा करू नये आणि केलेला असू नये. मी दादाला म्हणालो की दिव्याला हे काम येते आणि आवडते. तो म्हणाला, "चेडवाक स्टॉलार बसयतलंस? उद्या तिका कोण करतलो? ह्या वासातसून भायर पडाक मी काय काय सोसलंय, ता तुका म्हायत नाय." ते मला खरोखरच माहीत नाही. पण त्याने सोसले म्हणून तिने सोडावे, हा हिशेब मला पटत नाही.

कलम ७. दादाला माहीत नसलेली गोष्ट.

दादाचे ऑफिसचे काळे बूट पिशवीत घालून एसटीने माझ्याकडे येतात. या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही टोकांची साले निघाली होती. जिन्याच्या चिऱ्यावर घासली असावीत. ते लपवायला दादाने वर खोबरेल चोळले होते. मालवणात सगळे हेच करतात. डोक्याला, दाराच्या बिजागरीला, बुटाला, सगळ्याला खोबरेल. ओरखडा त्याने दोन दिवस दिसेनासा होतो खरा, पण चामडे तेल पिते, बुरशी धरते, आणि मग वर कुठलाही रंग बसत नाही. सुकला की पापुद्रा होऊन उचकटतो. तेल लागलेला ओरखडा म्हणजे साध्या ओरखड्याच्या चौपट काम.

ते काम दिव्याने केले. मला तेव्हा वाकून बसले की धाप लागत होती. तिने आधी तेल ओढून काढले, पुन्हा पुन्हा, घाई न करता. मग उठलेले चामड्याचे तंतू ओल्या फडक्याने एका दिशेने बसवले, बारीक पॉलिशपेपर अगदी हलका फिरवला, भराव पातळ लावला, सुकू दिला, पुन्हा लावला. रंग तिने एक छटा फिका घेतला, कारण सुकल्यावर तो गडद होतो. मी शेजारी बसून फक्त बघत होतो. एकदाच म्हणालो की आता ब्रश मार. ती म्हणाली, "रव रे भाई. अजून थंड लागता." थंड लागते म्हणजे आत ओल आहे. तिचे बरोबर होते.

दादाने फोन करून सांगितले की साहेबांनी नवीन बूट घेतलेस काय म्हणून विचारले. मी "बरा झाला" म्हणालो आणि विषय बदलला. तेव्हापासून दादाचे बूट तीच करते. स्टॉलमधून जाणारे बरेचसे काम आता तिचेच आहे. दादा, तू रोज तिच्या हातचे काम पायात घालून ऑफिसात जातोस.

कलम ८. पडदा.

स्टॉलच्या मध्ये एक निळा पडदा आहे. तो मी पावसाळ्यात लावला. पुढे मी बसायचो आणि पडद्यामागे दिव्या काम करायची. गिऱ्हाईक मला बूट द्यायचे, मी मागे सरकवायचो, झाले की पुढे घेऊन हातात द्यायचो. कोणाला काही कळत नसे. लोकांनी तिला नावे ठेवू नयेत म्हणून मी हे केले असे मी स्वतःला सांगत होतो.

कलम ५ लिहून झाल्यावर मी ते तिला वाचून दाखवले. मला वाटले ती खूश होईल. ती त्या वेळी एका बुटाची टाच घासत होती. तिने हात थांबवला नाही.

"मेल्यार दिलेला कोण मानता?" ती म्हणाली. "दादा कागद बघतलो, घडी करतलो आणि कपाटात ठेवतलो."

मी म्हणालो की कागद कायदेशीर आहे, दोन साक्षीदार आहेत.

"दादान तरी काय ता माझ्या तोंडार सांगल्यान," ती म्हणाली. "तू पडदो लावलंस."

मला धाप लागली होती. तिने मला पाणी दिले आणि पुन्हा टाच घासायला घेतली. त्यानंतर मी विचार करत राहिलो. नाताळ जवळ आला आहे. आमच्याकडे वर्षातले सगळ्यात जास्त चांगले बूट त्या दिवसांत येतात. मी इस्पितळात असेन किंवा नसेनच. तेव्हा पुढे कोण बसणार होते? पडदा लावताना हे मला सुचले नव्हते असे नाही. सुचले होते, मी ते पुढे ढकलले होते.

म्हणून पडदा मी कोणालाही देत नाही. तो आज सकाळी काढला. त्याची पुसायची फडकी करावीत, कापड सुती आहे.

कलम ९. जुनी देणीघेणी, पैशांची नव्हेत.

ज्या माणसाने शाळेत दादाच्या बाकावर वहाण ठेवली, तो आता माझे गिऱ्हाईक आहे. नाव लिहीत नाही, आंटी म्हणाल्या लिहू नकोस. त्याला ती गोष्ट आठवत नाही. त्याचे काम मी नीट करतो, त्यात कधी कमी केले नाही. फक्त त्याला स्टुलावर बसू देत नाही, स्टुलावर डब्या ठेवून देतो. तो उभा राहतो. आता स्टूल दिव्याचे आहे. त्याला बसू द्यायचे की नाही ते तिने ठरवावे. माझा आग्रह नाही, पण मला विचाराल तर डब्या ठेवाव्यात.

कलम १०. फॉस्टिन अंकलचे बूट.

हे कलम नीट वाचावे, यात अट आहे.

शिवणकाम मला बाबांनी शिकवले, पण ओरखडे बुजवायचे काम फॉस्टिन अंकलनी. ते बर्नादेत आंटींचे यजमान. त्यांनी आयुष्य बोटीवर काढले. तिथे अधिकाऱ्यांचे बूट तेच सांभाळत. मी शाळा सोडून घरी पडून होतो तेव्हा ते मला त्यांच्या पडवीत बोलवायचे, जुना बूट हातात द्यायचे आणि समोर बसायचे. मी घाई केली की म्हणायचे, "सत्या, चामड्याक दम खाव दी. तुका पण." त्या दिवसांत मला जगेन की नाही याची भीती वाटायची. बूट हातात असला की तेवढा वेळ वाटायची नाही.

त्यांचा स्वतःचा एक तपकिरी जोड होता, परदेशी बंदरात घेतलेला, तळही चामड्याचा. तो फक्त चर्चसाठी. कॅथलिक गिऱ्हाइकांचा उजवा बूट टोकाला आधी जातो, कारण चर्चमध्ये शिरताना उजवा गुडघा जमिनीला टेकतात आणि मागे टोक घासते. अंकलच्या उजव्या बुटाचे टोक मी दर वर्षी नाताळच्या आधी करून द्यायचो.

हे बूट घालूनच त्यांना पुरायचे असे आंटींच्या मनात होते. अंकल अंथरुणाला खिळले तेव्हा मी तिथेच होतो. अंकल म्हणाले, "मातयेक कित्याक व्हये बरे बूट? सत्याक दी."

"आणि लोक काय म्हणतले?" आंटी म्हणाल्या. "आयुष्य बोटीर काढल्यान आणि गेलो अनवाणी."

"पेटयेचा झाकण अर्ध्यारच उघडतत," अंकल म्हणाले. "पाय कोण बघता गो?"

आंटी रडता रडता हसल्या. गेल्या पावसाळ्याआधी अंकल गेले. त्यांच्या पायात नुसते मोजे होते. बूट आंटींनी मला दिले.

मला ते मोठे होतात. अंकलचा पाय आणि दादाचा पाय एकाच मापाचा आहे, हे मला दोघांच्या बुटांवरून माहीत आहे.

उजव्या बुटाच्या टोकावर अंकलनी शेवटचा गुडघा टेकला तेव्हाचा ओरखडा आहे. बोटाच्या पेराएवढा, चामडे पांढरे दिसते इतका. मी त्याला हात लावलेला नाही. पुष्कळदा घेतला आणि परत ठेवला. तेलाचा थेंबही त्यावर पडू दिलेला नाही. तो ओरखडा जसाच्या तसा ठेवून हा जोड मी माझा मोठा भाऊ दत्तप्रसाद याला देत आहे, तो पुढील अटीवर:

दादाने आठवडा बाजाराच्या दिवशी, दिवसाउजेडी, मालवणच्या बाजारात यावे. स्टँडवर थांबू नये. पिशवी कोणाच्या हाती पाठवू नये. स्टॉलसमोर येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसावे. दिव्याने हा ओरखडा त्याच्यासमोर बुजवावा. एका बैठकीत तो होत नाही, भराव सुकावा लागतो, म्हणून दादाने मधल्या वेळात उठून जाऊ नये. गणपतकडचा चहा घ्यावा. काम झाल्यावर बूट तिथेच पायात घालून बाजारातून चालत जावे.

जामसंड्याच्या मंडळींना हे कळू द्यावे. कळल्यावरही त्यांनी दिव्याला मागणी घातली तर दिव्याला विचारावे. ती "हो" म्हणाली तर आनंदाने करावे, आणि स्टॉलचे काय करायचे ते तिने सांगावे. ती "नाही" म्हणाली तर पुन्हा विचारू नये.

ही अट पाळली नाही तर दादाचे दुसरे काहीही जाणार नाही. घरातला त्याचा हिस्सा त्याचाच आहे. फक्त बूट स्टॉलमध्येच राहतील, दर्शनी फळीवर, ओरखड्यासकट. दिव्याने त्यांना बुरशी येऊ देऊ नये. आत कागद भरून ठेवावा आणि उन्हात ठेवू नये. वाट बघावी.

कलम ११. अंमलबजावणी.

या कागदाप्रमाणे सर्व होते की नाही हे बघण्याचे काम मी श्रीमती बर्नादेत यांच्यावर सोपवत आहे. त्यांनी ते कबूल केले आहे. त्यांना मी यात काही ठेवलेले नाही, त्या रागावल्या असत्या. त्यांचा पुतण्या रिचर्ड माझा मित्र आहे, पण तो साक्षीदार असल्यामुळे त्यालाही काही ठेवू नये असे मला सांगण्यात आले. रिचर्ड, तुला माझा रेडिओ द्यायचा होता. तो मी तुला काल हातात दिला, म्हणून तो या कागदात येत नाही.

कलम १२. मी परत आलो तर.

मी इस्पितळातून जिवंत परत आलो तर हा कागद मी फाडून टाकेन आणि आईला नारळ फोडू देईन. तरी दोन गोष्टी फाटणार नाहीत. स्टॉल तेव्हाही दिव्याच्या नावावर करायला मी नगरपरिषदेत जाईन. आणि पडदा पुन्हा लागणार नाही. पुढे ती बसेल, मी शेजारी बसेन, जमेल तेवढे शिवेन.

आणि दादा, मी असलो काय, नसलो काय, स्टूल बाहेर ठेवलेले असेल. त्यावरच्या डब्या तू येताना दिसलास की काढायला मी दिव्याला सांगून ठेवले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, दोनदा वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. प्रत्येक पानाच्या खाली माझी सही आहे. खाडाखोड कुठेही नाही.

(सही) सत्यवान लवू चव्हाण

आम्ही खालील दोघे साक्षीदार लिहून देतो की सत्यवान याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्याच्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या. या वेळी कुमारी दिव्या स्टॉलमध्ये पुढच्या बाजूला बसून काम करत होती. ती साक्षीदार नाही. सकाळपासून दोन गिऱ्हाइके तिला बघून परत गेली, हे सत्यवानच्या सांगण्यावरून लिहिले आहे. साक्षीदार क्र. २ याने आपली सही गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून केली, कारण त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती दिव्याच्या हातात होती.

साक्षीदार १. (सही) रिचर्ड, राहणार मालवण
साक्षीदार २. (सही) गणपत, चहाचे दुकान, समोर

ठिकाण: मालवण, बाजारपेठ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार, बाजाराचा दिवस